बाट महागला आणि नोईताईची होडी वाळूवर आली

नोव्हेंबरात वैशालीचा फोन आला. "फक्त सात नावं आलीयेत गं. न्यायचं का सात जणींना?"

वैशाली माझी वागळे इस्टेटमधली मैत्रीण. एका औषधाच्या कंपनीत आम्ही दोघी चौदा वर्षं पॅकिंगला होतो. कंपनी बंद पडली तेव्हा मी घरी बसले आणि तिने ठाण्यात, चेंदणी कोळीवाड्यातल्या स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत बायकांच्या सहलींचं ऑफिस काढलं. आधी अष्टविनायक, मग गोवा आणि मग दर जानेवारीत थायलंडमधलं क्राबी. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या बायका. बऱ्याच जणींचा पासपोर्ट या सहलीसाठीच निघालेला. हजेरी घ्यायला, गोळ्या-बाम सांभाळायला आणि हरवलेल्यांना शोधायला मी सोबत जाते. ही माझी पाचवी खेप.

एरवी अठ्ठावीस जणी असतात. यंदा सात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका थाई बाटला दोन रुपयांच्या थोडं वर मोजायचो. दरवर्षी तो वर सरकत गेला. या खेपेला पावणेतीनच्याही पुढे. वैशालीने स्वतःचं कमिशन कापलं, हॉटेल एक पायरी खाली आणलं, तरी माणशी खर्च इतका वाढला की चौकशीला आलेल्या बायका आकडा ऐकून "घरी विचारून सांगते" म्हणायच्या आणि पुन्हा फिरकायच्या नाहीत. त्याच पैशांत व्हिएतनाम होतं, तेही दोन दिवस जास्त.

"मग रद्द कर," मी म्हटलं.

"नोईला येते म्हणून सांगून बसलेय."

नोई म्हणजे आमची क्राबीची होडीवाली. थाई भाषेत मोठ्या भावंडाला 'पी' म्हणतात, म्हणून ती पी नोई. आमच्या बायकांनी पहिल्याच वर्षी तिची नोईताई करून टाकली. नवऱ्याची पाठ गेल्यापासून होडी तीच चालवते. वैशाली कोळ्याची पोर. त्या किनाऱ्यावर एक बाई इंजिनाशी उभी दिसली आणि वैशालीने बाकी सगळे दलाल सोडून तिलाच धरलं. तेव्हापासून आमच्या बायका नोईच्या होडीत आणि उरलेल्या तिच्या दोन भावांच्या होड्यांत.

"पुढच्या वर्षीपासून मी व्हिएतनाम करणार," वैशाली म्हणाली. "फोनवर सांगायला जीभ रेटत नाही. तू चल. मला एकटीला नाही जमणार."

अशी ही सहल ठरली. वाचणाऱ्यांपैकी कुणी क्राबीला जायच्या विचारात असेल तर उपयोगाचं ते सगळं लिहितेच. पण आम्ही मजा करायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

विमान दुपारचं होतं. डोंबिवलीहून सकाळी सातला गाडी काढली, शीळफाट्यावर पाऊण तास गेला, मग ऐरोलीच्या पुलावरून पुढे. आमच्याकडून जाणाऱ्यांनी तेवढा वेळ हाताशी ठेवाच. पैसे ठाण्यात गोखले रोडवर आधीच बदलून घेतले होते. विमानतळावर बदलू नका, तिथे फार कमी हातात पडतं. आपल्याला सध्या तरी व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी तीन दिवसांत थायलंडचा प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट उघडली तर लगेच बंद करा.

बॅगा उचलताना माझ्या लक्षात आलं, यंदा त्या जास्त जड आहेत. देवधर काकूंच्या बॅगेत कपड्यांपेक्षा खाणं जास्त. काकू डोंबिवली पश्चिमेच्या, निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर. दशम्या, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चहासाठी छोटी इलेक्ट्रिक किटली.

"काकू, तिकडे जेवण आहे ना!"

"आहे, परंतु परवडतं का ते पाहावं लागेल," काकू शांतपणे म्हणाल्या. "पेन्शन रुपयांतच मिळते मला."

साडेचार तासांचं विमान. घड्याळ दीड तास पुढे करून आम्ही संध्याकाळी क्राबीत उतरलो. विमानतळावरून आओ नांगच्या किनाऱ्याला शेअर बस मिळते, माणशी दीडशे बाट. पूर्वी आम्ही एसी व्हॅन करायचो.

आओ नांगचा रस्ता म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सलग दुकानं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून त्या रस्त्याने चाललो. गर्दी अजिबात नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. गोरे होते, चिनी होते, आपलेही थोडे होते. पण सगळे चालत होते, थांबत कुणी नव्हतं. मसाजच्या दुकानांबाहेर सहा-सहा मुली एकसारख्या टीशर्टात ओळीने बसलेल्या. आम्ही दिसताच "नमस्ते मॅडम!" म्हणत उठायच्या आणि आम्ही पुढे गेलो की बसायच्या. ज्या कपड्यांच्या दुकानातून आमच्या बायका दरवर्षी हत्तींच्या चित्रांच्या पँटी घ्यायच्या, त्याचं शटर खाली होतं.

आमच्या बायकांनाही एक नवी सवय लागली होती. समोर पाटी दिसली की ओठ हलायचे. ऐंशी बाटचं शहाळं. ऐंशी गुणिले तीन. लगेच मान हलायची. शेवटी नऊ जणींत चार शहाळी घेतली. कल्याणची मीनल म्हणाली, "आपल्याकडे शिवाजी चौकात मलईवालं मिळतं, तेपण याच्या पाव किमतीत." खरंच होतं ते. पण शहाळं सोलणाऱ्या बाईने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि न मागता नऊ स्ट्रॉ दिल्या.

आमच्या हॉटेलचा मॅनेजर गेल्या खेपेला आमच्या जुन्या हॉटेलात होता, म्हणून ओळखीचा. मी त्याला इंग्रजीत विचारलं, "लोक येत नाहीत का?"

"येतात मॅडम. पण पाच रात्रींच्या तीन करतात. बाहेर जेवत नाहीत, खोलीत नूडल्स करतात." तो हसला. "मी खोलीचं भाडं कमी केलं. तरी गेस्ट म्हणतात, महाग झालं. मी किती बाट कमी केले ते त्यांना दिसतच नाही."

शेजारीच पाणी भरून घेत असलेल्या काकूंनी आपली किटली पदराआड घेतली.

तिसऱ्या दिवशी बेटं. नोईताई सकाळी आठला किनाऱ्यावर हजर होती. बुटकी, रापलेली, डोक्यावर मोठी टोपी. आम्हाला बघून तिने हात हलवले आणि वैशालीकडून शिकलेल्या मराठीत ओरडली, "चला चला बायांनो! हळू हळू!"

मग तिने बायका मोजल्या. पुन्हा मोजल्या. आमच्या पाठीमागे, रस्त्याकडे पाहिलं.

"इतनाच?"

"इतनाच," वैशाली म्हणाली.

"ओके, ओके. एक बोट बस," नोई म्हणाली आणि पाण्यात उतरून शिडी धरली.

तिचे दोन्ही भाऊ कुठे आहेत ते मी विचारलं. एक बांधकामावर गेला होता, दुसरा रबराच्या बागेत. आपली पर्यटकांची हिंदी आणि तोडकं इंग्रजी मिसळून ती बोलते, आणि ते समजतं. "टीव्ही बोला, बाट स्ट्राँग, बाट व्हेरी स्ट्राँग. मैं बोली, गुड! फिर गेस्ट नही आया." ती हसली. मग रशी सोडायला वळली.

या लांबट होड्यांचं निमुळतं टोक माणसाहून उंच उभं असतं. त्याला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधतात, कारण तिथे होडीची देवी राहते असं मानतात. वैशालीच्या घरी होडीच्या या टोकाला नाळ म्हणतात आणि नारळी पौर्णिमेला तिचीच पूजा होते. पहिल्या वर्षी वैशालीने न सांगता त्या टोकाला हात लावून नमस्कार केला होता. नोई तेव्हापासून तिची झाली.

पाणी नेहमीसारखंच होतं. हिरवं, मग निळं, मग तळातली वाळू दिसेल इतकं स्वच्छ. चुनखडीचे कडे सरळ समुद्रातून वर गेलेले. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जरूर जा. राष्ट्रीय उद्यानाची फी होडीच्या भाड्यात धरलेली नसते, ती वेगळी रोख भरावी लागते. पाण्यात घालायचे रबरी बूट घरूनच न्या. ओहोटीच्या वेळी दोन बेटांमध्ये वाळूची वाट उघडी पडते, तिच्यावरून चालता येतं. आमच्या बायका त्या वाटेवर तासभर तरी खेळल्या असतील. देवधर काकू साडी खोचून पाण्यात कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

दुपारी नोईने वाळूत चूल मांडून मासे भाजले. दरवर्षी भाजते, त्याचे पैसे घेत नाही. वैशाली तिच्याशेजारी बसली. मला वाटलं, आता सांगेल. दोनदा तिने तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं आणि एकदा विचारलं, "तुझी मुलगी कशी आहे?"

परत येताना भाड्याचं निघालं. पूर्ण दिवसाची होडी पूर्वी तीन हजार बाट होती. यंदा नोईने आपणहून अडीच हजार सांगितले होते. तरी मीनल पाकीट काढता काढता लाडाने म्हणाली, "नोईताई, थोडा कम करो ना. आपका बाट बहोत महंगा हो गया."

नोईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओके. बावीसशे."

"अगं, तिने आधीच पाचशे कमी केलेत!" वैशाली एकदम चढ्या आवाजात बोलली.

"आपल्याला कुठे कमी पडले?" मीनलने मोबाइल पुढे केला. "बघ ना. पूर्वीच्या तीन हजारांना आपले सहा हजार तीनशे जायचे. आता अडीच हजारांना सात हजार. आपले वाढलेच की!"

हिशोब चुकीचा नव्हता. तोच तर त्रास होता. नोईचे पाचशे बाट गेले होते आणि आमचे सातशे रुपये वाढले होते. दोघींच्या खिशातून गेलं आणि मिळालं कुणाला, ते त्या होडीतल्या कुणालाच सांगता येईना. वैशालीने अडीच हजार मोजून नोईच्या हातात ठेवले आणि वर काहीतरी ठेवू लागली, तर नोईने हात मागे घेतला. मीनल खिडकीशी बसल्यासारखी तोंड फिरवून बसली. किनारा येईपर्यंत कुणी गाणं म्हटलं नाही.

चौथा दिवस मोकळा होता. बायका बाजारात गेल्या. वैशाली म्हणाली, "चल, तिच्या घरी जाऊ. आज सांगून टाकते."

नोईचं गाव पाऊण तासावर. मागे दोन बाकं टाकलेल्या शेअर गाड्या जातात, साठ बाट. रस्ता रबराच्या बागांतून. वैशाली वाटभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. "आधी म्हणेन, या वर्षी फार अवघड गेलं. मग म्हणेन, एकच वर्ष बघते..."

"एकच वर्ष बघणार आहेस?"

"नाही," ती म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी दहा-बारा घरं. होडी पाण्यात नव्हती. ओंडक्यांवरून ओढून वर वाळूवर घेतलेली होती आणि इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस मोजायची टेप घेऊन तिच्याभोवती फिरत होता. नोईचा नवरा खुर्चीत बसून लांबून बघत होता. नोई पाण्याची बादली घेऊन घरातून बाहेर आली, आम्हाला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला तिचा. "आप लोग क्यों आया?"

तो माणूस फुकेतजवळच्या एका रिसॉर्टचा होता. इंजिन वेगळं विकलं जाणार होतं. होडी त्यांना नुसती हवी होती. जेवणाच्या हॉलमध्ये मधोमध ठेवायची आणि तिच्यात बर्फ घालून फळं, सॅलड मांडायचं.

"सॅलड?" वैशालीने मला विचारलं, जणू माझंच ऐकण्यात चुकलं असेल.

गिऱ्हाईक महिन्यापूर्वीच ठरलं होतं. नोईनेच त्याला थांबवून धरलं होतं. "मैं बोली, ठाणा लोग आएगा. ठाणा लोग घूमके जाएगा, फिर लेके जाओ." ती स्वतःही फुकेतला निघाली होती, मोठ्या हॉटेलात चादरी धुवायला. नवऱ्याची सोय मुलीकडे. हे आम्हाला कळू नये, अशी तिची इच्छा होती. वैशालीच्या बायका हसत परत जाव्यात, एवढंच.

वैशाली वाळूत बसली. तिने जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवलं नाही. सरळ म्हणाली, "नोई, मी पुढच्या वर्षी येणार नाहीये. व्हिएतनामला नेणारेय सगळ्यांना. तिकडे स्वस्त पडतं. हेच सांगायला आलेले मी."

नोईला मराठी कळलं नसेल, पण 'व्हिएतनाम' कळलं.

"आय नो," ती म्हणाली. "सूरतवाला भाई, वो भी व्हिएतनाम. दिल्ली मॅडम, वो भी. सब जाता." मग थोड्या वेळाने, "तुम लास्ट आया. थँक्यू."

त्या थँक्यूने वैशालीला रडू फुटलं. ऑफिसमध्ये ग्राहकांशी, बँकेत साहेबांशी वाद झाले तरी तिला कधी रडताना पाहिलं नाही मी. इथे ती पदर तोंडात घालून रडत होती आणि मोजमाप करणारा माणूस सभ्यपणे होडीच्या पलीकडच्या बाजूला गेला.

नंतर नोई म्हणाली, देवीची कापडं सोडायची आहेत. ती अंगावर ठेवून होडी विकत नाहीत. तिने नाळेला हात जोडून काहीतरी पुटपुटलं आणि गाठी सोडायला घेतल्या. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात भिजून आणि उन्हात वाळून त्या गाठी दगड झालेल्या. तिची नखं दुखावली. ती घरातून सुरी घेऊन आली.

"बाय गो, कापू नको!" वैशाली एकदम आपल्या कोळीवाड्यातल्या बोलीत बोलली आणि तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

मग आम्ही तिघींनी त्या गाठी सोडवल्या. पाणी लावून, केसातल्या पिना घालून, एक तर वैशालीने दातांनी. अकरा कापडं होती. तास-दीड तास लागला. त्या वेळात वैशाली तिच्या बाबांबद्दल बोलली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. ठाण्याच्या खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी संपली, तेव्हा बाबांनी होडी किनाऱ्याला बांधली आणि वॉचमनची नोकरी धरली. होडी तिथेच गाळात कुजली. "विकत घ्यायलाही कुणी आलं नाही. फळ्या सरपणाला नेल्या लोकांनी." ती मराठीत बोलत होती, नोई थाईत काहीबाही उत्तर देत होती. दोघी एकमेकींना थांबवत नव्हत्या.

कापडं नोईने धुतली आणि घराच्या दांडीवर वाळत घातली. आम्हाला भात आणि मासळी वाढली. निघताना तिने वैशालीचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि तिला आठवत होतं तेवढं मराठी बोलून टाकलं: "हळू हळू. बस खाली. चला."

पाचव्या दिवशी परत. विमानात देवधर काकू माझ्या शेजारी होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मी सगळे दिवस पुऱ्या खाल्ल्या," त्या म्हणाल्या. "एकदा तरी रस्त्यावर भात विकणाऱ्या एखाद्या बाईकडे जेवायला हवं होतं. तेवढं जमलं असतं मला."

या सहलीबद्दल लोक विचारतात, जावं का. मी म्हणते, जरूर जा. खर्च जास्त येईल तो धरून चला, दोन दिवस कमी राहा, पण किनाऱ्यावरच्या माणसाशी घासाघीस करू नका. त्यांचा पैसा वधारला ही बातमी खरी आहे. तो त्यांच्या हातात आलेला मात्र मला कुठे दिसला नाही. आपला रुपया घसरला म्हणून आपण हळहळतो. समोरच्याचा वधारतो तेव्हा त्याच्याही घरची चूल विझू शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर, वाळूत बसून गाठी सोडताना समजलं. समजून मी करू काहीच शकले नाही. पुढच्या सहलीला मीही व्हिएतनामलाच जाणार आहे. वैशालीचं घर त्यावर चालतं, आणि मलाही फुकट फिरायला मिळतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

मार्चमध्ये कल्याणला एका हॉलमध्ये व्हिएतनामची माहितीसभा झाली. खुर्च्या कमी पडल्या. एकेचाळीस नावं आली. मीनलने तर दोन बहिणींना आणलं होतं. तिकडच्या नोटा लाखांच्या असतात हे ऐकून हॉलभर हशा पिकला. वैशालीने ई-व्हिसा, विमान, शाकाहारी जेवण, सगळं नीट समजावलं. चांगली बोलते ती. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "तिकडे होडीतून फिरवायला कोण असतं? ओळखीचं आहे का कुणी?"

"एजंट बघतो ते," वैशाली म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

सभा संपल्यावर आम्ही खुर्च्या आवरत होतो तेव्हा तिच्या फोनवर त्या एजंटचा मेसेज आला. एका बाईचा फोटो होता. वेताची गोल टोपली-होडी, हातात वल्हं, तोंडभर हसू. फोटोवरच खाली इंग्रजीत तिचं नाव लिहिलं होतं आणि पुढे, 'तुमच्या ग्रुपसाठी हिलाच ठरवलं आहे.'

मी नाव वाचायला वाकले. वैशालीने "आता परत कुणाला ताई करायची नाही," म्हणत फोन जरासा आपल्याकडे ओढला, बोटाने फोटोची खालची कड वर सरकवत नेली, नाव कापलं गेल्याची खात्री केली आणि मग तो बायकांच्या ग्रुपवर टाकला.